नवाईआधीचं जेवण

लोणखेड्यात कॉलेजच्या रस्त्यावर दिवलीबाईची खानावळ कुठं आहे असं विचारलं, तर माणूस तुम्हाला पाटी सांगणार नाही, वास सांगेल. पाटीच नाही हो तिथं. पत्र्याची पडवी, चार बाकडी, पुढं एक चूल, मागे एक चूल आणि दुपारी बाराच्या सुमाराला पळसाची पानं भाजल्याचा खरपूस वास. त्या वासाच्या मागे मागे जायचं, की समोर दिवलीबाई उभी. उंची बेताची, आवाज मोठा, आणि हातात कायम एक लांब चिमटा. जेवण झाल्यावर ताटात काही टाकलंत तर तो चिमटा तुमच्याकडे वळतो, एवढं ध्यानात ठेवा.

ही बाई इथली नव्हे. धडगावच्याही वर, सातपुड्यात, आमलीपाडा म्हणून पंधरा-वीस घरांची वस्ती आहे, तिथल्या पावरा आदिवासी घरातली सून. अठरा वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीबरोबर नवरा रूपसिंगसोबत पुरुषोत्तमनगरला कारखान्यावर उतरली, तेव्हा कडेवर रविना होती, एक वर्षाची. उसाच्या फडात पाचटाची खोप करून राहायचं, पहाटे उठून टोळीच्या रोटल्या बडवायच्या आणि दिवसभर मोळ्या वाहायच्या. सहा हंगाम तिने काढले. सातव्याला म्हणाली, रोटल्या तर मी अशाही बडवते आणि तशाही बडवते, मग मोळ्या कशाला वाहू? रूपसिंगने तिला वेड्यात काढलं. तिने शाळेच्या वयाला आलेल्या पोरीला उचललं आणि लोणखेड्याला आली.

इथं तिला जागा दिली तुळशीबाईने. तुळशीबाई म्हणजे गावातली म्हातारी विधवा, जिभेने तिखट आणि मनाने लोणी. घरापुढची पडवी तिने दिवलीला वापरायला दिली. सुरुवातीला दिवली सगळं खानदेशी करायची, शेवभाजी, वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर. स्वतःच्या घरचं मात्र मागच्या चुलीवर, पडदा ओढून. का, तर लाज वाटायची. सपाटीवरची माणसं डोंगरातल्या माणसाच्या ताटाकडे कशी बघतात हे टोळीत तिने सोसलं होतं.

तो पडदा तुळशीबाईनेच एक दिवस बाजूला केला.

"काय जळी ऱ्हायनं व दिवली? घर पेटाडशी का मन्हं?" असं ओरडत म्हातारी मागे आली, तर दिवली निखाऱ्यांतून काळी पडलेली पानं उचलत होती. दोन पानांच्या मध्ये मक्याची जाड भाकर. वरचं पान सोललं की भाकरीवर त्याच्या शिरा उमटलेल्या. याला पावरा लोक पान्या म्हणतात. कोमट पाण्यात मळलेलं मक्याचं पीठ, वर-खाली पळसाचं पान, गोवऱ्यांचा निखारा, आणि सोबत उडदाची घट्ट डाळ. बस. याच्यात ना मसाला, ना तेल. दिवलीच्या सासूने तिला शिकवलं, सासूला तिच्या सासूने.

तुळशीबाईने एक तुकडा तोडला, डाळीत बुडवला, खाल्ला आणि खाली बसकण मारली. "इतला दिन लपाडीसन एकलीच खाई ऱ्हायनी व्हती का?" असं म्हणून तिने दुसरा पान्या मागितला. त्या दिवसापासून पान्या पुढच्या चुलीवर आला. प्राध्यापक यायला लागले, ट्रॅक्टरवाले यायला लागले, ब्राह्मणपुरीचे शेतकरी तर मक्याची पोती स्वतःच आणून टाकायला लागले. रूपसिंगही फड सोडून आला आणि मुकाट्याने गोवऱ्या फोडायला बसला. त्याला ती अजून टोमणे मारते, तो अजून हसतो.

आता मुद्द्याचं सांगतो. यंदा दिवाळीनंतर तुळशीबाईची मुलं पडवी पाडून तिथं गाळे काढणार होती. म्हातारीने पोरांशी भांडून भांडून घसा बसवून घेतला, पण घर मुलांच्या नावावर, तिचं काय चालणार? आणि नेमकं त्याच वेळी कॉलेजने नव्या इमारतीत कॅन्टीन काढायचं ठरवलं. पक्की चूल, पक्कं छप्पर, रोजची हजार तोंडं. समितीने दोघांना चव दाखवायला बोलावलं, शहाद्याचे एक हॉटेलवाले शेठ आणि आपली दिवलीबाई. मिळालं तर मिळालं. नाही तर रूपसिंगने टोळीच्या मुकादमाला फोन लावायचा आणि रविनाने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून आईबापाबरोबर कोयता हातात घ्यायचा. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण भाकरी थापताना दिवलीच्या मनात दुसरं काही नव्हतं.

समितीच्या प्रमुख सरलाबाई, वयस्क, शिस्तीच्या. त्यांनी स्वतः पडवीत बसून पान्या खाल्ला होता. म्हणाल्या, "दिवलीबाई, तुम्ही फक्त हाच करून दाखवा. बाकीच्यांना मी सांगते."

म्हणजे निम्मं काम झालंच होतं म्हणा ना.

पण भादव्याचे दिवस होते, आणि इथं नवाईची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. डोंगरात नवं पीक आलं म्हणून कुणी तोडून खात नाही. मक्याचं कणीस असो, वेलीवरची काकडी असो, गिलकं असो, आधी ते देवाला आणि घरच्या मेलेल्या माणसांना द्यायचं. गावाचा पुजारा दिवस ठरवतो, सगळा पाडा मिळून नवाई करतो, मग तोंडात घास. तोवर मागल्या सालाचं धान्य, वाळवणं, डाळी. दिवली सपाटीवर राहिली तरी तिने हे मोडलं नव्हतं. पावसाळ्यात तिच्याकडे बटाटा, शेव, डाळ आणि जुन्या मक्याचा पान्या एवढंच मिळायचं. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही, की बाई, सगळ्या बाजारात गिलकी लोळतायत, तू का करत नाहीस?

यंदा नवाई लांबली. पुजाऱ्याच्या घरात मयत झाली, दिवस पुढे गेला. दीर वाहरू याने वरून फोन करून कळवलं होतं. दिवली म्हणाली, लांबू दे, माझ्या पिंपात जुना मका आहे.

चव दाखवायच्या दिवशी सकाळी आठला तिने परात पुढं ओढली. पिठात पाणी घातलं, मूठ भरली, आणि मूठ तशीच धरून बसली. जुन्या मक्याचं पीठ मुठीतून सुटतं. हे सुटेना. गोळा झाला, मऊ, ओलसर. तिने नाकाशी नेलं. गोडसर, दुधाळ वास.

"रविना," ती म्हणाली, "हे कुठलं दळण?"

रविना केस विंचरत होती. "जुन्याला टोके लागले होते गं. सगळं पीठ पीठ झालं होतं पिंपात. पाहुण्यांना किडकं घालणार का? ब्राह्मणपुरीचं नवं पोतं आलंय ना, त्यातलं दळून आणलं."

"नवाई झाली नाही आपली."

"झाली की. उदेसिंगच्या गावाला झाली परवा. वर्गात त्याने सगळ्यांना काकडी वाटली."

दिवलीने डोळे मिटले. पोरीची चूक तरी कशी म्हणायची? सपाटीवर वाढलेली ती. तिला वाटलं, दिवाळी जशी एका तारखेला साऱ्या मुलखाची, तशी नवाई. उदेसिंगचं गाव म्हणजे उदेसिंगचं गाव. आमलीपाड्याचा देव वेगळा, पुजारा वेगळा, मेलेली माणसं वेगळी. हे पोरीला सांगायचं कुणी? आईने सांगायला हवं होतं. आई रोटल्या थापत राहिली. दिवलीला पोरीचा राग आला नाही, स्वतःचा आला, आणि तोही असा की कानशिलं तापली.

रूपसिंग गोवऱ्या घेऊन आत आला, त्याने ऐकलं. तो शांत डोक्याचा माणूस. म्हणाला, "तुला खायचं नाही ना? नको खाऊ. खाणारे सगळे सपाटीचे. त्यांना कुठं नवाई लागते? कर आणि मोकळी हो."

"चाखल्याशिवाय वाढू?"

"मी चाखतो."

"तू मग आमलीपाड्याचा नाहीस का?"

रूपसिंगने गोवऱ्या खाली ठेवल्या. मग हळूच म्हणाला, "इथं कोण बघतंय, दिवली? देव तिकडं वर. एसटीने जायचं म्हटलं तरी अर्धा दिवस."

"मी कुठं गेले मग? मी बघते ना." तिचा आवाज चढला. "आणि त्या खोलीत दहा पोरं बसणार आहेत चव घ्यायला. निम्मी डोंगरातली. कुणाच्या गावची झाली, कुणाची नाही, मला काय ठाऊक? मी माझ्या हाताने त्यांना बाटवू?"

आता काही शहाणे म्हणतील, बाई, घर मोडायची पाळी आली आणि तू मक्याचं पीठ काय घेऊन बसलीस. रविनाही तेच म्हणाली, रडत म्हणाली. "आई, माझं कॉलेज जाईल. एका दिवसासाठी. देवाला नंतर दोन कोंबड्या जास्त दे." या पोरीच्या शिक्षणासाठी तर तिने फड सोडला होता. ती परातीकडे बघत राहिली. क्षणभर, खोटं कशाला सांगू, तिचा हात पिठाकडे गेलासुद्धा.

मग तिने परात उचलली आणि थेट तुळशीबाईच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

"हे तू खा, माय. आमची नवाई नाही झाली."

म्हातारीने परातीकडे बघितलं, दिवलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "आनि तठे काय वाढशी मग?"

"जे आहे ते."

"येडी व्हयनी का व?" म्हातारी म्हणाली, पण परात तिने आत ओढून घेतली. मग उठून आपल्या फडताळातून वर्षभराच्या लाल मिरच्यांची पुरचुंडी काढली आणि दिवलीच्या हातात कोंबली. "हाई जुनीच शे. मागला सालनी. जाय."

दिवली परत आली ती पदर खोचूनच. हिरमुसायला वेळ कुठं होता? साडेआठ झाले होते. घरातलं मागल्या सालाचं सगळं तिने बाहेर काढलं. उडीद होते. ज्वारीचं पीठ होतं. सासूने पाठवलेल्या कैरीच्या वाळवलेल्या फोडी होत्या. आणि मडक्यात मोर होता. मोर म्हणजे पक्षी नव्हे, डोंगरउतारावर पिकणारं बारीक धान्य, त्याचा भात होतो. हा भात तिने खानावळीत कधीच केला नव्हता, तो फक्त घरच्यांसाठी. गिऱ्हाईक नाक मुरडेल ही भीती. आज भीतीला बाजूला सारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"रविना, डोळे पूस आणि मोर पाखड. रूपसिंग, चूल मोठी कर."

रविनाने डोळे पुसले. ती आईवर चिडली होती, पण सूप घेऊन बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "प्रत्येक पाड्याची वेगळी असते?"

"प्रत्येक पाड्याची."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं," दिवली म्हणाली. "चुकलंच माझं." आणि तिने उडदाच्या डाळीत कैरीच्या फोडी टाकल्या.

बाराच्या ठोक्याला रूपसिंगच्या मोटारसायकलवर पातेली बांधून ते कॉलेजात पोचले. नव्या इमारतीत रंगाचा वास अजून होता. लांब टेबलापलीकडे सरलाबाई, त्यांच्या शेजारी ललित सर, कागद-पेन घेऊन, आणखी चार प्राध्यापक. दुसऱ्या टेबलाला दहा विद्यार्थी. आदल्या दिवशी शेठजींनी इथं डोसा, नूडल्स, पावभाजी असं सगळं मांडलं होतं आणि लोक बोटं चाटत गेले होते, हे दिवलीला ठाऊक होतं.

तिने वाढलं. मोराचा भात, उडदाची डाळ, ज्वारीची भाकर, लाल मिरची-लसणाची चटणी. ताटात हिरवं म्हणून एक पान नव्हतं.

सरलाबाईंनी ताटाकडे बघितलं. "पान्या?"

दिवलीने रस्त्याने येताना बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पीठ खराब निघालं, पानं मिळाली नाहीत, असलं. ऐन वेळी तिच्याने खोटं बोलवेना. पावरी, अहिराणी आणि शाळेची मराठी यांची जी खिचडी तिला येत होती, तिच्यात तिने सरळ सांगून टाकलं. आमच्या पाड्याची नवाई झालेली नाही. जुना मका किडला. नवा मी खात नाही आणि जे मी खात नाही ते वाढत नाही. हे सगळं मागल्या सालचं आहे. आमच्यात या दिवसांत हेच जेवतात.

ललित सर माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. पेन खाली ठेवून म्हणाला, "बाई, तुमच्या भावना कळतात. पण आम्ही पान्यासाठी तुम्हाला बोलावलं. उद्या कॅन्टीन दिलं, तर दरवर्षी या दिवसांत तुम्ही असंच करणार?"

"हो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

सरलाबाईंनी कपाळावर हात नेला. रूपसिंग भिंतीकडे बघायला लागला. रविनाची मान खाली. दिवलीला कळलं, गेलं. तरी तिने डाव हातातून खाली ठेवला नाही. वाढायला आलोय तर वाढून जाऊ, म्हणून ती विद्यार्थ्यांच्या टेबलाकडे वळली.

टोकाला एक मुलगी बसली होती. बारकी, गालफडं बसलेली, वसतिगृहात राहणारी. योगिता तिचं नाव. तिने ताटाला हात लावला नव्हता. दिवली जवळ आली तसं तिने पावरीत, अगदी हळू विचारलं, "मावशी, यातलं सगळं जुनं आहे? खरंच सगळं?"

"सगळं. मिरचीसुद्धा."

मुलीने घास घेतला. मग दुसरा. मग ती ज्या तऱ्हेने जेवायला लागली ते बघून शेजारच्या पोरांचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. भाकर संपली, दिवलीने दुसरी टाकली, ती संपली, भात टाकला. सरलाबाई उठून जवळ आल्या.

"योगिता, तू आजारी होतीस ना? मेसमध्ये जेवत नाहीस असं वॉर्डन म्हणत होत्या."

योगिताने तोंडातला घास गिळला. "आजारी नाही, मॅडम. मेसला रोज गिलकी नाहीतर दोडकी असतात, आणि भाकर नव्या मक्याची. आमच्या पाड्याची नवाई अजून झाली नाही. मी भात आणि मीठ खाते."

"किती दिवस झाले?"

"आज एकोणीस."

"अगं, सांगायचं नाही का?"

उत्तर दिलं तिच्या पलीकडच्या एका मुलाने, तेही ताटाकडे बघतच. "सांगितलं की हसतात, मॅडम. मी मागल्या वर्षी सांगितलं होतं." आणि त्यानेही भाकर पुढं ओढली. मग तिसरा. दहांतली सहा पोरं अशी निघाली. दोघांनी लाजेने नवं खाल्लं होतं आणि तेव्हापासून घरी फोन केला नव्हता.

सरलाबाई तिथंच बाकावर बसल्या. या कॉलेजात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "मी दरवर्षी बघते," त्या म्हणाल्या, "भादव्यात डोंगरातली पोरं वाळतात. मला वाटायचं, घरची आठवण येते."

ललित सरने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "पण बाई, हे चालवायचं कसं? बाकीच्या मुलांना तर ताजी भाजी लागणार. आणि तुम्हीच म्हणता, पाड्यापाड्याचा दिवस वेगळा. तुमची नवाई झाली की तुम्ही नवं करणार. मग ही मुलगी?"

प्रश्न बरोबर होता. दिवलीने याचा कधीच विचार केला नव्हता. आजवर तिची नवाई म्हणजे आमलीपाड्याची नवाई, तो निरोप आला की तिची जुनी चूल थंड. ती योगिताच्या ताटाकडे बघत राहिली. रविना त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली होती आणि तिला पाणी ओतून देत होती.

"दोन चुली मांडा," दिवली म्हणाली. "नव्याची रविनाचा बाप सांभाळेल, त्याची नवाई झाली की. तोवर माणूस ठेवू. जुन्याची माझी. आमच्या पाड्याची झाली म्हणून ती मी विझवणार नाही. सगळ्या पोरांच्या पाड्यांची होईपर्यंत मी जुनंच रांधीन आणि जुनंच खाईन."

"आणि सगळ्यांची झाली हे तुम्हाला कळणार कसं?" ललित सरने विचारलं.

"विचारीन की एकेकाला."

सरलाबाईंनी ललित सरपुढं कागद सरकवला आणि त्याला म्हणाल्या, "दोन चुली असं लिहा."

दिवलीने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती डाव घेऊन योगितापुढं उभी होती. "पोरी, तुझा पाडा कोणता?" तिने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत ताटात आणखी डाळ वाढली.